खुडणी आणि बहर : पेटुनियाच्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष, कला)

फूल म्हणजे झाडाची शोभा, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु झाडाच्या बाजूने विचार केला तर फूल हे शोभेसाठी नसून बी धरण्यासाठी असते. बी धरले, ते पिकले आणि मातीत पडले, की हंगामी झाडाचे आयुष्यातील काम संपते. मग पाने पिवळी पडतात, खोड वाळते आणि माळी ते झाड उपटून टाकतो. ही एक साधी गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पेटुनियासारख्या फुलझाडाचा बहर महिनाभर टिकावा की तीन महिने, हे पुष्कळ अंशी आपल्या हातात कसे आहे ते कळून येते. प्रस्तुत लेखात याच गोष्टीचा थोडा अभ्यास मांडण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. ‘कमवा व शिका’ योजनेत माझ्याकडे बागेचे काम आहे, त्यामुळे प्राचार्यांच्या कार्यालयापुढील वाफे आणि कुंड्या रोज हाताखालून जातात, हे पहिले कारण. दुसरे कारण घरचे आहे. आमचे गाव निपाणीच्या बाजूला. तो सारा भाग विडीच्या तंबाखूचा. माझ्या आजीने आणि आईने दुसऱ्यांच्या शेतात तंबाखूचे शेंडे खुडण्याची आणि बगलफुटी काढण्याची मजुरी केली. पेटुनिया ही या तंबाखूचीच नातलग आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेला नाही.

तंबाखूच्या भावकीतले फूल

पेटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतील. ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या देशांत तिच्या रानटी जाती आढळतात. 1803 साली झ्युसियू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीला पेटुनिया हे नाव दिले. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत तंबाखूला ‘पेटुन’ अशा उच्चाराचा शब्द होता, त्यावरून हे नाव आले. आपल्याला ते ऐकून ‘पेटणे’ या क्रियापदाची आठवण होते. त्या शब्दाचा याच्याशी काही संबंध नाही. पण तंबाखूचा आणि पेटण्याचा संबंध सर्वांना ठाऊक असल्यामुळे हा योगायोग गमतीचा वाटतो.

तंबाखू, वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि पेटुनिया ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. आज बागेत दिसणाऱ्या पेटुनिया या मुख्यतः दोन रानटी जातींच्या संकरातून आल्या आहेत. एक पांढऱ्या फुलांची. तिचा वास संध्याकाळनंतर दरवळतो आणि रात्री हिंडणारे पतंग तिच्याकडे येतात. दुसरी जांभळ्या फुलांची. तिच्याकडे दिवसा मधमाश्या येतात. 1830 नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये या दोहोंचे संकर झाले, आणि पुढे रंगांची एवढी विविधता निर्माण झाली.

महाराष्ट्रातील पठारी भागात पेटुनिया हे हिवाळी हंगामी फुलझाड आहे. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, बी टाकतात. हे बी धुळीसारखे बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 बिया भरतात. म्हणून ते बारीक वाळूत मिसळून पेरतात, आणि वरून माती लोटत नाहीत, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो. चार-पाच आठवड्यांनी रोपे कुंडीत किंवा वाफ्यात लावण्याजोगी होतात. डिसेंबरात फुले दिसू लागतात आणि जानेवारीत झाड रंगात येते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जे पुष्पप्रदर्शन भरते, त्याच्याही मुळाशी हाच हिवाळी हंगाम आहे.

यापुढचा प्रश्न आपला आहे. जानेवारीत रंगात आलेले झाड फेब्रुवारीत का ओसरते? थंडी तर पुरती गेलेली नसते. मकरसंक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, आणि वाढता दिवस तर पेटुनियाला फुलण्यास उलट अनुकूल असतो. मग अडते कुठे? याचे उत्तर झाडाच्या शेंड्यात आणि बोंडात आहे.

शेंड्याचे वर्चस्व

कोणतेही रोप पाहिले तर त्याचा मधला शेंडा जोमाने वर जात असतो आणि पानांच्या बगलेतील डोळे निजलेले असतात. शेंडा मोडला की हे डोळे जागे होतात आणि बाजूने फांद्या फुटतात. शेतकऱ्याला हे नवीन नाही. हरभरा फुलावर येण्यापूर्वी त्याचे शेंडे खुडतात. त्याची भाजीही होते आणि झाड फुटव्यांनी भरते. झेंडूचा व शेवंतीचा शेंडा खुडण्यामागेही हाच हेतू असतो.

असे का होते, याचा शोध मात्र बऱ्याच उशिरा लागला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली दाखवून दिले, की कोवळ्या अंकुराचे टोक खालच्या भागाला काहीतरी निरोप पाठवते. हा निरोप म्हणजे एक रासायनिक द्रव्य आहे हे पुढे 1920 नंतरच्या दशकात सिद्ध झाले. त्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. 1933 साली थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या जागी ऑक्झिन लावले. शेंडा नव्हता, तरी बाजूचे डोळे निजलेलेच राहिले! म्हणजे डोळ्यांना दाबून ठेवणारी सत्ता शेंड्याच्या देहात नसून तेथून खाली वाहणाऱ्या द्रव्यात आहे, हे स्पष्ट झाले.

या कथेत पेटुनियाचाही वाटा आहे. पेटुनियाची काही रोपे अशी सापडली, की शेंडा शाबूत असतानाही ती झुडपासारखी चहूबाजूंनी फुटत. ‘शेंड्याचे वर्चस्व कमी झालेले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून शास्त्रज्ञांनी त्यांना ‘डॅड’ असे नाव दिले. वाटाणा, भात, पेटुनिया अशा झाडांच्या अभ्यासातून 2008 साली उलगडा झाला, की फांद्या फुटू न देणारे आणखी एक संप्रेरक असते, त्याचे नाव स्ट्रिगोलॅक्टोन. ते मुळांतही तयार होते. याच वर्गातील एक द्रव्य 1966 सालीच कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडले होते. ज्वारीवर वाढणाऱ्या टारफुल्याचे बी त्याने जागे होते. तंबाखूच्या मुळावर येणाऱ्या बंबाखूचे बीदेखील अशाच द्रव्यांचा सुगावा लागल्यावर उगवते. जे द्रव्य झाडाच्या अंगावरचा डोळा निजवते, तेच मातीतल्या चोराला जागे करते.

2014 साली वाटाण्यावरील संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. शेंडा तोडताच पानांत तयार होणारी साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते, आणि तेथील ऑक्झिन घटण्यापूर्वीच डोळा फुगू लागतो. शेंडा हा मोठा खाणारा आहे. तो गेला की उरलेल्यांच्या वाट्याला घास येतो.

माझ्या आईला मी हे सर्व सुट्टीत समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “थोरल्याला गप केलं की धाकटी बोलाय लागत्यात, एवढंच की!” थिमान आणि स्कूग यांना जे प्रयोगाने सापडले, ते तिने एका वाक्यात सांगितले. फरक इतकाच, की तिला ते तंबाखूच्या सरीत वाकून कळले होते.

बी धरू न देणे

आता दुसऱ्या भागाकडे वळू. पेटुनियाच्या फुलात पराग पडले आणि फलधारणेचा आरंभ झाला, की फूल इथिलीन नावाचा वायू सोडू लागते. केळी पिकविण्यासाठी वापरतात तोच हा वायू. त्याच्यामुळे पाकळ्या लवकर कोमेजतात. पराग न पडलेले फूल त्यामानाने अधिक दिवस ताजे राहते. याचा अर्थ असा, की पाकळ्यांचे काम पाहुण्याला बोलावण्यापुरते असते. पाहुणा येऊन गेला की झाड मांडव काढून टाकते.

पाकळ्या गळल्या तरी देठाच्या टोकाला हिरव्या संदलाच्या आत बोंड वाढत राहते. एका बोंडात शंभराहून अधिक बिया होऊ शकतात. या बोंडांना अन्न लागते आणि ते पानांकडूनच येते. झाडावर अशी पाच-पन्नास बोंडे पोसली जात असतील, तर नव्या कळ्यांना काय उरणार? फेब्रुवारीत बहर ओसरण्याचे हे मुख्य कारण होय.

यावरून उपाय आपोआपच सुचतो. कोमेजलेली फुले वेळच्या वेळी काढावीत. परंतु येथे बहुतेकांची एक गफलत होते. वाळलेली पाकळी ओढली की ती सहज हाती येते आणि झाड स्वच्छ दिसू लागते. पण बोंड तेथेच राहिलेले असते. डोळ्यांना झाड स्वच्छ दिसले तरी झाडाच्या हिशेबात काहीच बदलत नाही. म्हणून फूल काढताना देठासकट, निदान हिरव्या संदलाच्या खालून खुडावे. पाकळी काढणे ही झाडलोट झाली. बोंड काढणे ही छाटणी झाली.

प्रत्यक्ष छाटणी

वर सांगितलेल्या दोन तत्त्वांवरून छाटणीचे तीन टप्पे पडतात.

पहिला टप्पा : शेंडा खुडणे. रोप 10 ते 15 सेंटिमीटर उंच झाले, की मधला शेंडा दोन-तीन सेंटिमीटर खुडून टाकावा. यासाठी अंगठा आणि तर्जनी यांची नखे पुरतात. यामुळे पहिले फूल आठ-पंधरा दिवस उशिरा येते. एवढा धीर धरावा लागतो. मात्र एका खोडाऐवजी पाच-सहा फांद्या मिळतात, आणि फुले फांद्यांच्या टोकांकडे येत असल्याने पुढे फुलांची संख्या वाढते.

दुसरा टप्पा : फुले काढणे. बहर सुरू झाल्यावर आठवड्यातून निदान दोनदा कोमेजलेली फुले बोंडासकट खुडावीत. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत बी कमी धरते. परंतु दवाने भिजलेली जुनी फुले कुजतात, म्हणून तीही काढावीत. काही नव्या पसरणाऱ्या जातींत जुनी फुले नव्या पालवीखाली झाकली जातात. त्यांना हे काम कमी लागते.

तिसरा टप्पा : फांद्यांची छाटणी. जानेवारीच्या अखेरीस फांद्या लांबतात, बुडाशी उघड्या पडतात आणि फक्त टोकाला एक-दोन फुले राहतात. या वेळी प्रत्येक फांदीचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग कापावा. काप पानाच्या किंचित वर घ्यावा, कारण नवी फूट त्या पानाच्या बगलेतून येणार असते. कापाच्या खाली हिरवी पाने राहिलीच पाहिजेत. डोळ्याला साखर हवी असते आणि साखर पाने करतात, हे वर आलेच आहे. पाने नसलेला उघडा बुंधा ठेवला तर झाड पुष्कळदा उभारी धरत नाही.

सगळी झाडे एका दिवशी कापली, तर दोन-तीन आठवडे वाफा ओका दिसतो. हे टाळण्याची युक्ती अशी, की एका आठवड्यात एक-तृतीयांश फांद्या कापाव्यात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या, त्यानंतर तिसऱ्या. पहिल्या फांद्या पुन्हा कळ्यांवर येईतो शेवटच्या कापून होतात, आणि वाफा कधीच पूर्ण रिकामा होत नाही.

कापणीच्या आदल्या दिवशी पाणी द्यावे. कात्री धारदार असावी. बोथट कात्रीने देठ चेंगरतो. कापल्यानंतर पातळ केलेले द्रवरूप खत द्यावे, परंतु नत्राचा अतिरेक नको, नाहीतर नुसती पाने माजतात. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळावे.

आणखी एक सूचना, आणि ती गमतीची वाटली तरी खरी आहे. तंबाखू मळून त्याच हातांनी पेटुनियाला हात लावू नये. तंबाखूवरील मोझॅक रोगाचा विषाणू पेटुनियालाही लागतो. हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकतो आणि हातांवरून, कात्रीवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. पानांवर फिकट-गडद हिरवे ठिपके दिसले आणि पाने वेडीवाकडी झाली, तर ते झाड उपटून दूर टाकावे. कामापूर्वी साबणाने हात धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

छाटणीने काय होत नाही

छाटणी म्हणजे जादू नव्हे. ती झाडाला अन्न देत नाही. असलेल्या अन्नाची दिशा बदलते. ज्या झाडाच्या मुळाशी पाणी साचून मूळ कुजले आहे, किंवा जे सावलीत उभे आहे, त्याला कापून केवळ आणखी दुबळे केले जाईल. तसेच ऋतूची मर्यादाही मानली पाहिजे. मार्चअखेरीस आपल्याकडील ऊन तापू लागले, की पेटुनियाचा जोर संपतो. त्यानंतरच्या छाटणीतून बहर मिळेल ही आशा पठारावर तरी व्यर्थ आहे. शिवाय, पुढील वर्षासाठी बी धरावयाचे असेल तर दोन-चार झाडांवरील बोंडे राखावी लागतात. मात्र संकरित जातींच्या बियांपासून आईबापांसारखीच फुले येतील असा भरवसा नसतो.

ज्यांना या सर्वांची खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनी सोपा प्रयोग करावा. सारख्या वयाच्या सहा कुंड्या घ्याव्यात. दोन तशाच सोडाव्यात, दोनींतील फक्त पाकळ्या काढाव्यात, आणि दोनींतील फुले बोंडासकट खुडावीत. पाणी आणि ऊन सर्वांना सारखे द्यावे. दर रविवारी उमललेली फुले मोजून वहीत लिहावीत. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

खुडणाऱ्या हातांविषयी

तंबाखूच्या शेतात हेच शास्त्र उलट्या हेतूने चालते. तेथे फूल नको असते, पान हवे असते. म्हणून फुलोऱ्याचा शेंडा खुडतात, म्हणजे अन्न पानांकडे वळते. तंबाखूतील निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते, आणि शेंडा खुडल्यावर त्याचे पानांतील प्रमाण वाढते. पण शेंडा गेला की बगलेतील डोळे जागे होतात, आणि मग त्या बगलफुटी पुन्हा पुन्हा काढीत बसावे लागते. पेटुनियात ज्या फुटीसाठी आपण शेंडा खुडतो, तीच फूट तंबाखूत शत्रू ठरते. झाडाचा नियम एकच. कोणाला काय हवे आहे त्यावर त्याचा उपयोग ठरतो.

बगलफुटी काढण्याच्या कामाला बाया लागतात. तंबाखूच्या पानावर चिकट लव असते, तशीच पेटुनियाच्या पानावरही असते. बागेत काम केल्यावर बोटे चिकटतात ती त्यामुळेच. पण तंबाखूचा चीक काळा होऊन हातावर बसतो आणि हात कडू होतात. त्या दिवसांत आई आम्हांला घास भरवीत नसे. भाकरी थापण्याचे कामही थोरल्या बहिणीकडे असे. ओल्या पानांतील निकोटीन कातडीतून अंगात जाते, मळमळते, डोके फिरते, हे आज पुस्तकांत लिहिलेले आहे. शेतात मात्र त्याला “ऊन लागलं” म्हणत. शेंडा कोठून खुडायचा हे त्या बायांना दाखविण्यात आले. हात का कडू होतात आणि ते झाकून काम का करावे, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

यात मला आपल्या शिक्षणाशी निगडित असा एक मुद्दा दिसतो. ज्यांच्या हातांना खुडणी येते त्यांच्यापर्यंत कारणे पोहोचत नाहीत, आणि ज्यांना कारणे पाठ असतात त्यांच्यातील पुष्कळांनी कधी शेंडा खुडलेला नसतो. कारण कळले म्हणजे केवळ परीक्षेतील गुण वाढतात असे नाही. माळ्याला बोंडाचे कारण कळले तर तो नुसती पाकळी ओढणार नाही. मजूर बाईला निकोटीनचे कारण कळले तर ती हातांना फडके बांधेल, आणि हातमोजे मागण्याचा हक्कही तिला कळेल. आमच्या घरात पहिल्यांदा महाविद्यालयात आलेली मुलगी म्हणून ही कारणे घरी नेऊन पोहोचविणे हे मला अभ्यासक्रमाचाच एक भाग वाटतो.

शेवटी आपल्या बागेविषयी एक विनंती. दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी पेटुनियाचे वाफे सजतात आणि संमेलन उरकले की त्यांच्याकडे लक्ष राहत नाही. फेब्रुवारीत ते उपटले जातात. या वर्षीपासून संमेलनानंतरच्या आठवड्यात वाफ्यांची वर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने छाटणी करावी. आठवड्यातून दोनदा सकाळचा अर्धा तास पुरेल. ‘कमवा व शिका’मधील आम्ही चौघीजणी हे काम करण्यास तयार आहोत, आणि ज्या विद्यार्थ्यांना आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, कात्री आमच्याकडे आहे. वार्षिक परीक्षेच्या काळात वर्गातून बाहेर पडणाऱ्यांना कार्यालयापुढे वाफे फुललेले दिसावेत, एवढीच अपेक्षा.